गयाबाईचा इसावा

फाल्गुन लागला की आमच्या घरात माझ्याविषयी खोटे बोलण्याचा हंगाम सुरू होतो.

त्याची वर्दी कडबा देतो. लातूरच्या बाहेरच्या रस्त्यावरून कडब्याने लादलेले टेम्पो जाऊ लागतात, कडेच्या बाभळी त्यांच्या बाजू ओरबाडून घेतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीपर्यंत वाळल्या धाटांचा तो गोडसर, धुळकट वास चढून येतो. मी वाळत घातलेल्या कपड्यांखाली खुर्ची टाकून बसलेला असतो. आत कोणीतरी म्हणते, "ज्वारी निघाली वाटतं," आणि त्या वाक्याचे शेपूट धरून ती जुनी गोष्ट घरात शिरते. अण्णा शेतात पडले होते, त्या वर्षीची.

मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. नांदेडच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलाच्या घरी लातूरला आलो. रोज पहाटे एकटा फिरायला जायचे आणि महिन्यातून एकदा एसटीने एकटाच नांदेडला जाऊन दोन जुन्या सहकाऱ्यांबरोबर गोदावरीच्या घाटावर बसून यायचे, हा माझा इथला नेम. 'एकटा' हा शब्द मी दोनदा मुद्दाम लिहिला, कारण यंदा सगळे भांडण त्याच शब्दावर आहे.

झाले असे की, पौषात एका सकाळी गॅलरीतून आत येताना माझ्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आला आणि मी दाराची चौकट धरली. धरली, म्हणजे पडलो नाही. या दोहोंतला फरक ज्यांना कळत नाही त्यांच्याशी मी वीस वर्षे एकाच छताखाली राहतो आहे. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "झेपेल तेवढं करा." माझा मुलगा सतीश माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने ऐकले, "काही करू नका." त्याच संध्याकाळी सूनबाईंनी, शुभांगीने, माझ्या मनगटावर पावले आणि नाडीचे ठोके मोजणारे एक काळे घड्याळ बांधले. तेव्हापासून मी जेवताना, झोपताना, देवापुढे उभा असताना कोणीतरी माझी नोंद घेत आहे. रात्रीच्या जेवणाला ती मोबाइलकडे बघून म्हणते, "अण्णा, आज अठराशेच झाले." मी विचारतो, "कशाचे अठराशे?" ती हसते. त्या हसण्याचाही मला संशय येतो.

आता माझ्या स्वातंत्र्याचा निकाल पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सकाळवर येऊन ठेपला आहे. सतीशचे म्हणणे, हे आजचे नाही, तुमचा मूळ पिंडच असा आहे, तुम्ही ऐन तारुण्यातही पडला होतात. म्हणजे ती गोष्ट नुसती गोष्ट राहिली नाही, ती पुरावा झाली. आणि पुरावा म्हटला की तो तपासला पाहिजे.

माझा धाकटा भाऊ व्यंकट मुरुडजवळच्या आमच्या गावी शेती पाहतो. त्याच्या मते मला ऊन लागले. "अण्णा नांदेडला जाऊन मऊ झालता," तो पाहुण्यांसमोर सांगतो. "सावलीतलं रोप उन्हात ठिवल्यावर काय होतंय?" मी त्याला अनेकदा सांगितले आहे की मी जमिनीवर आलो तेव्हा माझी सावली माझ्या उंचीहून लांब होती. सावली माणसाहून लांब असताना सूर्य किती वर असतो, हे भूगोलाच्या शिक्षकाला कोणी शिकवू नये. ते कोवळे ऊन होते. त्या उन्हात तान्ह्या लेकरांना तेल लावून ठेवतात.

बहीण शकू भोकरला असते. तिची आवृत्ती फोनवरून येते. "तू उपाशी गेल्तास, अण्णा. म्या भाकर थापस्तोवर थांबला न्हाईस." हे धादांत असत्य आहे. मी अर्धी भाकरी कारळाच्या चटणीबरोबर खाल्ली होती आणि त्या चटणीचा एक काळा दाणा दाढेत अडकला होता. ज्वारी उपटताना मी जिभेने तो काढू पाहत होतो. तो दाणा मला आजही आठवतो. उपाशी माणसाच्या दाढेत चटणी कुठून येणार?

सतीश रक्तदाबाचे नाव घेतो, आणि तेही तेव्हा तो जन्मलेला नसताना. सर्वांत धोकादायक मात्र शुभांगीची आवृत्ती. ती सकाळी गच्चीवर आठदहा बायकांकडून व्यायाम करून घेते. मी एकदा जिन्यात उभा राहून स्वतःच्या कानांनी ऐकले, "आमच्या सासऱ्यांनी तरुणपणी तीन दिवस एकदाही न थांबता ज्वारी काढली. कोसळेपर्यंत थांबले नाहीत. ही खरी ताकद!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. निंदेला उत्तर देता येते, पण अशा कौतुकाचे काय करायचे?

माझे स्वतःचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच आहे. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, माझा पाय भेगेत गेला आणि मी पडलो. यात अशक्तपणा नाही, ऊन नाही, उपास नाही. आणि मला साक्षीदार आहे. डोळे उघडल्यावर वर कणसे आणि कणसांच्या वर आभाळ दिसले आणि पहिला आवाज ऐकू आला तो गयाबाईचा, "भेगंत पाय गेला गुरुजींचा! सरका, वारं येऊ द्या." रांगेची म्होरकी, गयाबाई, तिने पाहिले आणि तिने सांगितले. यापुढे आणखी काय हवे?

शकू यावर म्हणते, "आन् पाय मुरगळला तर सुजला कामून न्हाई? हळद लावायला म्याच आल्ते की." अशा वेळी फोनचा आवाज तुटू लागतो.

त्या वर्षी ज्वारी डोक्यावरून गेली होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती आणि रजा घेऊन गावी आलो होतो ते केवळ हे दाखवायला की शहराने माझ्यातले काही नेलेले नाही. रब्बीची ज्वारी आमच्याकडे मुळासकट उपटतात. पहाटे पाने दवाने मऊ असतात तेव्हा काम चांगले होते. ऊन चढले की तीच पाने सुरीसारखी होतात. दोन्ही हातांनी बुडाशी धाट धरायचे, कंबरेतून एक हिसका द्यायचा. जमीन आधी देत नाही, मग एकदम देते, आणि मुळांशी आलेले ढेकूळ पायावर आपटून झाडायचे. बोटांना फडकी गुंडाळलेली असतात तरी संध्याकाळी हातात भाकरी धरवत नाही. घशात धूळ, मानेवर टोचणारी कूस, आणि भेगांमधून, हात घातला तर, विहिरीसारखा गारवा. तेवढी भेगांची आठवण मला पक्की आहे.

आम्ही नऊ जण रांगेत होतो. प्रत्येकाने चार ओळींची एक पात धरायची आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत न्यायची. बांधाकडेची पहिली पात गयाबाईची. पन्नाशीची, धाटासारखीच वाळकी बाई, कपाळावर गोंदण, बोलणे कमी. तिच्या पुढे कोणी जायचे नाही. आणि मध्येच, कुठल्याही खुणेशिवाय, ती म्हणायची, "बसा गं." की सगळी रांग जिथल्या तिथे बसायची. तांब्या फिरायचा. दोन घोट, चार श्वास, कोणाची तरी थट्टा. मग ती उठली की सगळ्यांनी उठायचे. याला इसावा म्हणत. कोणी कोणाला काही विचारत नसे.

मला तो इसावा पहिल्याच दिवशी संशयास्पद वाटला. शाळेची घंटा ठरल्या वेळी होते, या बाईची होत नव्हती. कधी चाळीस पावलांनी बसायची, कधी दहाच. विश्रांतीला माप नसेल तर ती विश्रांती नव्हे, ते काम चुकवणे आहे, असे माझे मत झाले. माझ्या हातावर पहिल्या पगाराचे घड्याळ होते. मी नोंद ठेवू लागलो. पहिल्या दिवशी न्याहारीपर्यंत दोन इसावे. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात सहा. संध्याकाळी मी वडिलांपुढे ती नोंद ठेवली.

"दादा, बाई कामचुकार आहे."

वडील बैलाच्या पाठीवरचे गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तिच्या हाताखाली ह्ये रान आठ रोजात निघतंय. दुसऱ्या कुनाच्या हाताखाली धा. तू आपली शाळा शिकव."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बसा गं," आणि मी बसलो नाही. मी उपटत राहिलो. माझी पात तिच्या पातीच्या पुढे गेली. मागून कोणीतरी म्हणाले, "गुरुजी, म्होरकीला टाकून जात न्हाईत." मी ओरडलो, "म्होरकी बसली म्हणून ज्वारी बसते काय?" मागे कोणी हसले नाही. ते मला त्या वेळी विचित्र वाटले. ती दुसऱ्यांदा बसली, तिसऱ्यांदा बसली. मी मागे पाहणे सोडून दिले. दाढेत दाणा होता, पुढे धाटे होती, माझी लांब सावली माझ्या आधी धाटांत शिरत होती. त्यानंतर आभाळ, आणि ते वाक्य.

शक्तीविषयी आज जो तो बोलतो. पहाटे बागेत फिरायला येणारे माझे समवयस्क पाहतो. एक जण दुधीचा रस पितो आणि इतरांना पाजायला बाटली घेऊन येतो. दुसरा भिजवलेल्या मेथीवर इतकी श्रद्धा ठेवून आहे की त्याच्याशी हवामानावर बोलले तरी उत्तरात मेथी येते. तिसरा मोठ्याने श्वास घेतो आणि आपण घेत नाही याबद्दल आपल्याकडे रागाने बघतो. शक्ती ही बाहेरून आणून अंगात भरायची वस्तू आहे, अशी या सर्वांची समजूत. मला ती पटत नाही. अंगात जेवढी येते तेवढी येतेच, प्रश्न ती सांडते कुठे हा आहे.

नांदेडच्या शाळेत पहिली काही वर्षे मी पहिल्या तासाला असा गरजत असे की शेजारच्या वर्गातही गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघत असे. सहाव्या तासाला मात्र माझ्या तोंडून नदीचे नावही फुटत नसे. घरी आल्यावर पत्नीने पाणी दिले तरी ते मोठ्याने का ठेवले म्हणून मी भांडत असे. पुढे मी शिकलो. जड काम सकाळी उरकायचे. जेवण झाल्यावर अर्धा तास कोणाशीही वाद घालायचा नाही, हे मला सर्वांत कठीण गेले. दुपारी वीस मिनिटे आडवे व्हायचे, झोप येवो न येवो. दोन तासांच्या मध्ये, पाय दुखत नसले तरी, शिक्षककक्षातल्या खुर्चीवर बसायचे. दमल्यावर बसणाऱ्याला उठायला दुप्पट खर्च पडतो, दमण्याआधी बसणारा उरलेली शक्ती बरोबर घेऊन उठतो. आजही जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबतो. शेजाऱ्यांना वाटते म्हातारा दमला. म्हातारा दमू नये म्हणून थांबलेला असतो.

ही रीत मी स्वतः शोधून काढली, असे मी आजवर सांगत आलो. लिहिताना पेन इथे जरा अडखळले, ते का, ते पुढे येईल.

फाल्गुनातल्या एका रविवारी व्यंकटने जेवायला बोलावले. ज्वारी काढणे चालू होते. सतीशने गाडीच्या मागच्या भागात प्लास्टिकची एक खुर्ची टाकली. ती कोणासाठी, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. रानाजवळ उतरल्यावर त्याने ती निंबाच्या सावलीत मांडली, पुसली, आणि म्हणाला, "अण्णा, इथं बसून बघा. मस्त वारं आहे."

"खुर्ची तुझ्या रक्तदाबाला ठेव," मी म्हणालो. "मी पात धरणार आहे."

रांगेत आता पाचच बायका होत्या. बाकीच्या रानात यंत्रे आली आहेत, पण व्यंकटला मुळासकट निघालेला कडबाच लागतो. पहिल्या पातीवर मुक्ताबाई उभी होती, गयाबाईची लेक. त्या वर्षी ती नव्या लग्नाची होती, माहेरी हंगामाला आली होती आणि आमच्याच रांगेत होती. आता सत्तरीला टेकलेली, आईसारखीच वाळकी, बोलायला मात्र आईच्या दसपट.

"या गुरुजी! लेक माझं नांदेडला बँकेत हाय, त्ये म्हनतंय, आई आता बस. म्या म्हनलं, बसतेच की रं, इसाव्याला!" मग माझ्या मनगटाकडे बघून, "आन् ह्ये काय बांधलंव? कोंबड्याच्या पायाला बांधत्यात तसं?"

बायका खदखदून हसल्या. मला त्या क्षणी ती फार आवडली.

सतीश मात्र हसला नाही. तो बांधावर आला. "अण्णा, हट्ट करू नका. त्या वर्षीसारखं झालं तर?"

"त्या वर्षी काय झाले ते तुला माहीत नाही," मी म्हणालो. "आपण करार करू. एक पात. या बांधापासून त्या बांधापर्यंत. नेली, तर हे घड्याळ तू घालायचेस आणि मी एकटा कुठे जातो ते विचारायचे नाही."

"आन् मधीच बसलाव तर?" व्यंकटने विचारले. त्याला अशा गोष्टी फार आवडतात.

"बसणार नाही."

"बसलात तर," सतीश म्हणाला, "मग घरात सांगू तसं ऐकायचं. सकाळी मी बरोबर येणार. नांदेड बंद."

"मंजूर."

"रांगेसंगं बसलाव तर त्ये धरायचं न्हाई," व्यंकटने न्यायाधीशासारखी भर घातली. "म्होरकी बसली तर समद्यानला बसावंच लागतंय. सोताहून बसलाव तर हारलाव."

मी फडकी गुंडाळली. पहिले धाट धरले तेव्हा हातांनी ते लगेच ओळखले. कंबरेला मात्र आठवायला वेळ लागला. जमीन आधी देईना, मग तिने एकदम दिले. मुळांचा तो ओला, अंधारा वास आला, ढेकूळ पायावर फुटले आणि पन्नास वर्षे कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. वीस पावले झाली असतील. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

"बसा गं," मुक्ताबाई म्हणाली.

सगळ्या बसल्या. व्यंकटच्या नियमाने मीही बसलो. आणि माझा जुना संशय जागा झाला. वीसच पावले! मी एकेकीचा चेहरा पाहिला. कोणाच्या कपाळावर घाम नव्हता. एक तर पदरात तोंड घालून गाणे गुणगुणत होती. तांब्या माझ्याकडे सर्वांत आधी आला.

"मुक्ताबाई, कोणासाठी बसलीस?"

"त्ये इचारीत न्हाईत, गुरुजी."

"का?"

"इसावा कुनासाठी घेतला त्ये म्होरकीनं सांगायचं नस्तंय. सांगितलं तर ज्याच्यासाठी घेतला त्ये मानूस खाली बघतंय. माझ्या मायनं बी कवा सांगितलं न्हाई." ती पाणी प्यायली. "समदी रांग बसली की कोन दमलं, कुनाला कळतंय?"

मी तांब्या तोंडाला लावला आणि त्यातले पाणी हलताना पाहिले. तांब्या माझ्याच हातात होता.

त्या वर्षीची नोंद माझ्याच घड्याळाने ठेवलेली होती आणि ती अचूक होती. पहिल्या दिवशी दोन इसावे, तेव्हा मी ताजा होतो. दुसऱ्या दिवशी सहा, तेव्हा माझ्या बोटांतून फडक्यावर रक्त उतरले होते आणि मी ते कोणाला दाखवत नव्हतो. रांगेतल्या बाकीच्या आठ जणी वर्षानुवर्षे ते काम करणाऱ्या होत्या. एवढे साधे गणित मांडायला मला पन्नास वर्षे लागली. मालकाच्या शिकलेल्या मुलाला "तुम्ही दमलात, बसा" असे त्या बाईला म्हणता येत नव्हते, म्हणून ती नऊ माणसे खाली बसवत होती. आणि मी तिची चुगली वडिलांकडे करून आलो होतो.

"मुक्ताबाई," मी विचारले, "त्या वर्षी माझा पाय खरेच भेगेत गेला होता का?"

ती एक धाट मोडून त्याच्या टोकाने नखातली माती काढत होती. "माय म्हनली व्हती न्हवं? मग गेला आसंल."

एवढेच. पण मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, पाठ केलेले उत्तर मला ओळखता येते. पाय भेगेत गेल्याचे मला कधीच आठवत नव्हते. आठवत होते ते फक्त तिचे वाक्य. मी डोळे उघडले, भोवती माणसे होती, तरणाताठा शिक्षक मातीत आडवा पडला होता, आणि त्या बाईने, जिला टाकून मी पुढे गेलो होतो, जे पहिले वाक्य उच्चारले ते माझ्या अंगावर पांघरूण घालावे तसे घातले. तेच मी पन्नास वर्षे साक्ष म्हणून मिरवत आलो. आणि शिक्षककक्षातली ती खुर्ची, दमण्याआधी बसण्याची ती रीत, जी माझा शोध म्हणून मी सांगतो? ती कोणाच्या रांगेत शिकलो, हे आता सांगायला नको.

आम्ही उठलो. मुक्ताबाई अर्ध्या वाटेत आणखी एकदा बसली. आता मी कोणाला काही विचारले नाही. समोरचा बांध जवळ येऊ लागला. त्यावरची घायपाताची पाने दिसू लागली, मग पानांवरचे काटेही. माझा श्वास माझ्या हिशेबात होता. हात थरथरत होते पण चालत होते. मी पावले मोजली, पंधरा राहिली होती. मागे निंबाखाली सतीश खुर्चीशेजारी उभा होता, व्यंकट बांधाबांधाने आमच्या बरोबरीने चालत आला होता.

तेव्हा माझे लक्ष मुक्ताबाईकडे गेले. प्रत्येक हिसक्यानंतर तिचा डावा हात गुडघ्यावर जात होता. तोंड उघडे होते. पुढचे धाट धरण्याआधी ती क्षणभर त्याचाच आधार घेत होती. आताच तर ती बसून उठली होती. पुन्हा "बसा" म्हटले तर ते कोणासाठी हे साऱ्या रांगेला कळले असते, आणि ती ते म्हणणार नव्हती. तिच्या आईला मी असे कधी पाहिले नव्हते, कारण मी तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते, मी घड्याळाकडे पाहत होतो. नऊ जणांसाठी बसणाऱ्या त्या बाईसाठी कोण बसत असेल?

बांध पंधरा पावलांवर होता. पंधरा पावलांवर पहाटेचा रस्ता होता, नांदेडची एसटी होती, गोदावरीचा घाट होता, आणि मनगट मोकळे होते.

मी खाली बसलो.

"बसा," मी म्हणालो.

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. रांगेत असे कोणी म्हणत नाही. मग एकेक करून त्या बसल्या. मुक्ताबाई सर्वांत शेवटी बसली.

"हारलाव, अण्णा!" व्यंकट ओरडला. "आवं, धा-पंधरा पावलं व्हती की!"

सतीश रानातून पळतच आला. माझ्यापुढे उकिडवा बसला, माझे मनगट धरून घड्याळात पाहू लागला. "थकलात ना? मी सांगत होतो ना तुम्हाला?" त्याचा आवाज मात्र भांडणाचा नव्हता. तो घाबरला होता.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होते. एक नव्हे, तीन होती, आणि तिन्ही बिनतोड होती. पुढच्या फाल्गुनात काय होणार हेही मला दिसत होते. व्यंकट म्हणेल ऊन लागले, शकू भोकरहून सांगेल की उपाशी गेला होता, सूनबाई गच्चीवर टाळ्या मिळवतील, आणि यांतल्या एकालाही खोडायला माझ्याजवळ भेगही उरलेली नसेल. मी एकच वाक्य बोललो असतो, मुक्ताबाईकडे नुसते बोट दाखवले असते, तरी करार मी जिंकलो असतो.

"हो," मी सतीशला म्हणालो. "थकलो."

आता रोज पहाटे तो माझ्याबरोबर चालतो. मोबाइलवर बोलत चालतो, त्यामुळे दमतो. मी दुसऱ्या वळणावरच्या बाकावर बसतो आणि काही न विचारता तोही बसतो.

मात्र तो शेवटचा इसावा नेमका कोणासाठी होता, हे अजून मला टोचते. त्या दिवशी पाणी फिरले, तांब्या माझ्याकडून मुक्ताबाईकडे गेला, तेव्हा मी तिच्या गुडघ्याकडे पाहिले. हात तिथे नव्हता. दोन्ही पाय पसरून ती शेजारणीला कसलीशी थट्टा सांगत होती, श्वास अगदी संथ होता, आणि उठायची वेळ झाली तेव्हा सत्तरीची ती बाई कशालाही न धरता, एका झटक्यात, आम्हा सर्वांच्या आधी उठून उभी राहिली.